शंभर मीटरच्या चौकटीतलं अंगण

सत्तार,

मुख्याध्यापकांनी तुझे भूगोलाचे तास सध्या मला दिले आहेत. गणिताच्या माणसाला भूगोल कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्या उपग्रहाच्या भानगडीत त्याच्याबरोबर तुम्हीच होता ना?" भानगड हा शब्द तुला आवडला असता. काल नववीच्या वर्गावर गेलो. फळ्याच्या डाव्या अंगाला तू काढलेला मराठवाड्याचा नकाशा तसाच होता. पोरांनी पुसला नव्हता आणि मलाही कुणी पुसायला सांगितलं नाही. मी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवलं. जागा पुरली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर तू गाडीला किक मारून गेलास आणि सोमवारी आला नाहीस. मला स्वतःला माहीत आहे ते एवढंच. दवाखान्याचं, रविवारच्या दुपारचं मला इतरांनी सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. कब्रस्तानात तुझ्या भावानं मला हाताला धरून पुढं नेलं. "आप भी मिट्टी दो, सर." तीन मुठी द्यायच्या असतात, ते मी शेजारच्या माणसाचं बघून केलं. वरची माती उन्हानं तापलेली होती आणि खालून उकरून काढलेली चांगलीच गार. हाताला ते लागलं तेव्हा माझ्या मनात आलं, फरक किती अंशांचा असेल? मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या जागी तू असतास तर मोठ्यानं विचारलं असतंस.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. डोळे मिटले की हल्ली मला आपलं शहर तुझ्या त्या उपग्रहाच्या चित्रातल्यासारखं दिसतं. मी खूप उंचावर असतो, वारा नसतो, आवाज नसतो. खाली गारखेड्याची घरं निळसर करडी, रस्ते त्याहून जरा फिके, तळ्याचं पाणी काळं. झाडं मात्र सगळी लाल. कडुनिंब लाल, आंबा लाल, शाळेमागची चिंच लाल. गंगापूरच्या बाजूला उसाचे फड असे लालभडक की कुणी कुंकवाचा करंडा उपडा केला असावा. मी खाली उतरत नाही, उतरावंसं वाटतही नाही. तू कुठंतरी जवळपास आहेस आणि दाखवतो आहेस असं वाटत राहतं. मग बायको हलवते. म्हणते, "चहा झालाय, कुठं गेला होता?"

मला हे चित्र नको होतं, हे तुला चांगलं माहीत आहे. शास्त्रज्ञ शाळेत येणार, उपग्रहातून पृथ्वी कशी बघतात ते शिकवणार, असं तू शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलंस तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो.

"पोरांना लसावि येत नाही सत्तार, आणि तू त्यांना इन्फ्रारेड शिकवणार."

"मैं कायकू शिकवू? शिकवणारे येऊन राहिलेत. तू फक्त बस मागं. गुपचूप."

"चार दिवसांचे तास बुडतील."

"तेरे तास नक्को बुडवू, पवारसाब. माझे बुडवतो. झालं?"

खोलीतले सगळे हसले. मी मागं बसलो, पण गुपचूप बसलो नाही.

आलेल्या शास्त्रज्ञ वैद्य मॅडमनी पहिलं चित्र पडद्यावर टाकलं तेव्हा वर्गातून "अय्यो" असा एकच आवाज आला. गंगापूरच्या बाजूची आपली कोमल, शाळेसाठी मामाकडं गारखेड्यात राहणारी, उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं आग लागली का?" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पान थोडासाच हिरवा उजेड परत फेकतं. लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड मात्र ते कितीतरी जास्त फेकतं. त्यालाच अवरक्त म्हणायचं. तो दिसत नाही म्हणून कागदावर त्याला लाल रंग द्यायचा. जितकं लाल, तितकं पीक जोमदार.

"म्हणजे खोटा रंग," मी मागून म्हणालो.

मॅडम काही बोलायच्या आत तू उठलास. गुलमंडीतल्या तुमच्या कापडाच्या दुकानाचं तू सांगितलंस, ते मी आता तुझ्या वर्गाला जसंच्या तसं सांगणार आहे. गिऱ्हाईक बाई साडी निवडते, मग ती साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात धरते, पुन्हा आत येते, दिव्याखाली धरते. आत जांभळी असते ती बाहेर मोरपंखी दिसते. "तर पोरांनो, खरा रंग कुठला? आतला का बाहेरचा? अब्बा म्हणायचे, बेटा, साडी एकच आहे, उजेड बदलतो. जमिनीलापण असंच वेगवेगळ्या उजेडात धरून बघायचं." वैद्य मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी बघितलं. तूही बघितलंस आणि दिवसभर मान ताठ करून फिरलास.

दुपारी त्यांनी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. तू वर्गाच्या भिंतीवर दोन्ही पंजे टेकवलेस, मोजून काही श्वास थांबलास आणि बाजूला झालास. भिंतीवर आमच्या डोळ्यांना काही नव्हतं. पडद्यावर मात्र तुझ्या दहाही बोटांचे ठसे पिवळे चमकत होते. हळूहळू ते नारिंगी झाले, जांभळे झाले, भिंतीच्या रंगाला मिळाले. कोमल म्हणाली, "गेले." वैद्य मॅडम म्हणाल्या, "गेले नाहीत. भिंतीत पसरले. आता आपला कॅमेरा ते ओळखू शकत नाही, इतकंच." त्या उष्णतेबद्दलच बोलत होत्या.

मग तो गावाचा दिवस. ज्या दिवशी उपग्रह आपल्या भागावरून जाणार, त्याच दिवशी, त्याच वेळेला जमिनीचं तापमान आपण खालून मोजायचं आणि वरच्या आकड्याशी ताडून बघायचं. तू जागा ठरवल्यास. शाळेची गच्ची, गुलमंडीतलं पत्र्याचं छप्पर, एक नांगरलेलं रान आणि कोमलच्या घरचं मातीचं अंगण. कोमलला तू सांगितलंस, "तुमच्या अंगणाकडं उपग्रह बघणार आहे बरं का. घरी सांग." ती जागा ठरवायला मी हजर नव्हतो, नाहीतर "बघणार आहे" या दोन शब्दांवर तिथंच अडलो असतो.

एसटीनं गंगापूर आणि तिथून जीप. दहाच्या सुमाराला पोचलो. हातात पिस्तुलासारखा तापमापक. शेजारच्या घराचं अंगण एक्केचाळीस अंश. पलीकडचं चाळीस, त्याच्या पलीकडचं एक्केचाळीस. कोमलच्या दारात तापमापक धरला, एकोणतीस. मी पुन्हा धरला. एकोणतीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग खाली बघितलं. अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर ताजा सडा, कडेनं रांगोळी, आणि दारात कोमलची आई पदर डोक्यावर घेऊन उभी.

"ताई, सडा कधी टाकला?"

"पहाटं टाकला व्हता की. पर पोरगी म्हनली सायब लोक वरून बघनार हायेत. दहा वाजेपर्यंत वाळून गेलं असतं, मग बरं दिसतं का ते? म्हून आत्ता परत टाकला."

तू तिथंच कट्ट्यावर बसलास. खांदे हलत होते. मी म्हणालो, "हसतोस काय? आकडा गेला."

"कुठं गेला? ये क्या, एकोणतीस."

"तो अंगणाचा नाही, पाण्याचा आहे."

"पाहुणा येणार म्हणून बाईनं अंगण सजवलं. उपग्रहाला कुणी केला का असा पाहुणचार आजपर्यंत?"

चहा झाला. परतीच्या जीपमध्ये आपलं जे सुरू झालं ते आजही संपलेलं नाही. मी म्हणत होतो, तू पोरीला खोटं सांगितलंस. उपग्रहाला अंगण दिसत नाही. उष्णतेच्या चित्रात शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशी एक चौकट असते, आणि त्या अख्ख्या चौकटीला मिळून एक आकडा. त्यात चाळीस घरं, गोठे, उकिरडे, लिंबाची झाडं, पत्रे, रस्ता. तू म्हणत होतास, त्या आकड्यात तिचं अंगण आहेच. मी तिथंच, जीप उसळत असताना, हिशोब केला. अंगण तीस चौरस मीटर, चौकट दहा हजार. फरक बारा अंशांचा. तिच्या सड्यानं चौकटीचा आकडा शून्य पूर्णांक शून्य तीन सहा अंशानं खाली आला. "अर्ध्या-एक अंशाच्या आतलं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे मॅडमच म्हणाल्यात. मग हे काय मोजणार?"

"पण शून्य तर नाही ना?"

"जे मोजता येत नाही ते असून नसल्यासारखं."

"ये तेरा गणित बोलता की तू बोलता?"

मागच्या बाकावर कोमल होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा आपण दोघांनी एकदमच बघितला. आईला तिनं सांगून ठेवलं होतं की आपलं अंगण वरून दिसणार. आता घरी काय सांगायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो आपण तिच्यापुढं टाकला होता. तू सांगून, मी मोडून.

शेवटच्या दिवशी पोरांनी आपापलं काम मांडायचं होतं, पालकांना बोलावलं होतं. कोमलची आई गावाहून आली. कोमलचा तक्ता लावायचा की नाही यावर आपण दोघांनी आदल्या दिवशी पुरेसा वाद घातला होता. मी म्हणत होतो, आकडा वगळावा. तू म्हणत होतास, आकडा ठेवावा. कोमलनं आपल्याला विचारलंच नाही. तिनं एकोणतीस लिहिलं आणि खाली लिहिलं, "आईने दहा वाजता दुसरा सडा टाकला होता." मला ते पटलं. मला पटलं हे तुला त्या दिवशी सांगायचं राहिलं, ते आज सांगतो.

तिचं बोलून झालं. मॅडम "छान" म्हणाल्या. आणि मागून तिची आई उभी राहिली.

"मॅडम, इच्यारू का? दिसलं का वरून आमचं आंगन?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं. माझी इच्छा होती की मॅडमनी खरं सांगावं आणि माझी इच्छा होती की सांगू नये. या दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पडद्यावर गावाच्या चौकटीचा आकडा होता, अडतीस. मॅडम म्हणाल्या, "एकटं नाही दिसत हो ताई. गल्ली मिळून दिसते. सगळ्या घरांचा मिळून एकच आकडा येतो."

आता तिचा चेहरा पडणार म्हणून मी खाली बघायला लागलो. पण ती म्हणाली, "मंजी सगळ्या गल्लीनं टाकाया पाहिजे व्हता." आणि कोमलकडं वळून, "आधी नाय का सांगायचं गं? मी बायांना सांगितलं नसतं का?"

हॉल हसला. वैद्य मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. पण तू हसला नाहीस. तुझ्या डोळ्यांत नव्या बेताची ती चमक आली जी मला नेहमी घाबरवते. तू उठलास आणि म्हणालास, "पुढच्या वेळी टाकू. अख्खी गल्ली."

इथून आपलं दुसरं भांडण. मी पाण्यावरून धरलं. मार्चमध्ये त्या गावाला टँकर लागतो आणि तू बायांना अंगणात पाणी ओतायला लावणार, कशासाठी, तर एका आकड्यासाठी. तू म्हणालास, मार्चमध्ये नाही, दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असतं तेव्हा. मी म्हणालो, थंडीत फरकच कमी पडेल, दिसणार नाही. तू म्हणालास, हिशोब कर. मी म्हणालो, वेळ नाही. मला वेळ होता. हिशोब जुळला तर यावं लागेल, म्हणून मी करत नव्हतो. पावसाळाभर, मधल्या सुट्टीत, चहाच्या टपरीवर, पालकसभेत फळीच्या बाकावर शेजारी बसून, तू विचारत राहिलास, "पवारसाब, गणित?" आणि मी म्हणत राहिलो, "बघू." त्या शनिवारीही गाडीला किक मारण्याआधी तू तेच विचारलंस. मी तेच म्हणालो.

तुला वाटायचं मी तुझ्यावर चिडतो. चिडायचोही. पण वीस-बावीस वर्षं मी वर्गात आकडे लिहिले आणि त्या आकड्यांच्या खाली जमीन असते, तिच्यावर कुणीतरी उठून सडा टाकतं, हे मला त्या दिवशी त्या कट्ट्यावर पहिल्यांदा दिसलं. मी ते कधी बोललो नाही. तू बोलून टाकणारा माणूस, मग दुसऱ्यानं कशाला बोलायचं, असं झालं होतं. आता सगळं माझ्याकडंच राहिलं आहे आणि ते कुठं ठेवायचं कळत नाही. भाभींना भेटलो, तिथंही दोन शब्दांच्या वर गेलो नाही. त्यांनीच मला पाणी दिलं.

काल संध्याकाळी कोमलच्या आईचा फोन आला. कोमलकडून तिला कळलं होतं. आधी नुसता मागचा कोंबड्यांचा आवाज आला. मग म्हणाली, "सर, लई वाईट झालं. ते येऊन गेलते पंधरवड्यापूर्वी. घरोघर जाऊन बोललेत बायांशी. सगळ्या व्हय म्हनल्या." मला हे माहीत नव्हतं, सत्तार. माझा हिशोब न घेताच तू जाऊन आला होतास. "तर आता काय करायचं? सर तर गेले. टाकायचा का नाय सडा?"

मी म्हणालो, सांगतो. फोन ठेवला आणि कागद घेतला.

चाळीस अंगणं, प्रत्येकी तीस चौरस मीटर, म्हणजे बाराशे. चौकटीचा आठवा हिस्सा, थोडा कमीच. थंडीत ओल्या-कोरड्यातला फरक आठ अंश धरला, जास्त धरला नाही. आठव्या हिश्श्याला आठ अंश, म्हणजे चौकटीला जवळजवळ एक अंश. काठावर आहे. चौकटीची रेघ गल्लीच्या मधून जात असेल तर तो एक अंश दोन चौकटींत वाटला जाईल आणि कुठंच दिसणार नाही. त्या दिवशी ढग आले तर प्रश्नच नाही. प्रत्येक घराला दोन बादल्या. विहिरीला पाणी आहे, कोमलच्या मामाला विचारून खात्री केली. हे सगळं दोनदा तपासलं. काठावरचंच येतं.

फोन लावला.

"ताई, टाकायचा. पण नुसती अंगणं पुरणार नाहीत. मधला रस्ताही भिजवावा लागंल. आणि समोरचा पार."

"रस्ता?" ती म्हणाली. "सर, तुमीच तर पान्यावरून भांडत व्हता म्हनं. सत्तार सर सांगत व्हते."

"व्हय. मीच."

"मंग रस्त्याला कोन टाकनार? बाया दारापुरतं टाकत्यात."

"मी येतो. मला दोन बादल्या द्या."

ती आतल्या कुणालातरी ओरडून म्हणाली, "अगं ऐकलं का, गनिताचे सर सडा टाकाया येनार हायेत," आणि त्या घरातून तीन-चार बायकांचं हसू फोनवर आलं, थांबेचना. मी फोन कानाला धरून उभा होतो. मग तिनं विचारलं, दहा वाजताच ना? मी म्हणालो, दहाला सुरू करू. मागं कुणीतरी म्हणालं, सरांना म्हनावं, आधी शिकून या, पानी सपकन टाकायचं नसतं, हातानं फिरवत टाकायचं असतं.

आज सकाळी बायकोनं मला मागच्या अंगणात एक तांब्या दिला आणि स्वतः दारात उभी राहिली. पहिलं पाणी एकाच जागी पडलं. ती म्हणाली, "मनगट सैल सोडा."